बायोलॉजीच्या वर्गात कॉम्प्युटर इतक्या उशिरा का पोचला? थोडी पार्श्वभूमी

अकरावी-बारावीच्या बायोलॉजीत बायोइन्फर्मॅटिक्स (जैविक माहिती कॉम्प्युटरवर तपासणं), डेटा, मोबाईलवरचे मायक्रोस्कोप वगैरे आणायचं ही चर्चा परत सुरू झालीय, आणि बऱ्याच स्टाफरूममध्ये असं धरून चालतात की हे सगळं २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणाने अचानक आमच्या डोक्यावर टाकलं. तसं नाहीये. मी मुंबईत बारावीला बायोलॉजी शिकवते आणि मला मनापासून वाटतं की हा उशीर कसा झाला ते आधी समजून घ्यायला हवं.

बायोलॉजी आणि कॉम्प्युटरची सोयरीक खूप जुनी. १९६५ साली मार्गारेट डेहॉफ या बाईंनी अमेरिकेत तोवर माहीत असलेल्या प्रोटीनचे सिक्वेन्स, म्हणजे अमिनो आम्लांचे क्रम, एकत्र केले, जेमतेम ६५ होते, आणि कॉम्प्युटरवर ते तपासायला सोपे जावेत म्हणून प्रत्येक अमिनो आम्लाला एकेक अक्षर दिलं. तीच अक्षरं आजही चालतात. मग १९८२ ला जेनबँक, म्हणजे डीएनए सिक्वेन्सचा सगळ्यांसाठी खुला साठा, आली, १९९० ला ब्लास्ट, म्हणजे आपल्याकडचा सिक्वेन्स टाकायचा आणि जगात अजून कोणाशी जुळतो ते बघायचं. आपल्याकडेही केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग १९८६ लाच सुरू झाला, आपण फार मागे नव्हतो.

शाळेत मात्र कॉम्प्युटर आला तो वेगळ्याच दाराने. १९८४ च्या सुमारास केंद्राने क्लास नावाचा प्रकल्प काढला, शाळांना बीबीसी मायक्रो मशीन दिली, आणि कॉम्प्युटर म्हणजे एक वेगळी खोली, वेगळा विषय, वेगळे सर असं जे बसलं ते बसलंच. चपला बाहेर काढून आत जायचं, पडदे ओढलेले, एका मशीनवर चार पोरं. त्या खोलीत बायोलॉजीच्या बाईंना काही काम असेल असं कोणाच्या डोक्यातच आलं नाही, खरं सांगायचं तर बायोलॉजीच्या बाईंच्याही नाही.

तोवर आमच्या लॅबमध्ये काय होतं, तर मेणाचा ट्रे, टाचण्या, बेडूक नाहीतर झुरळ, बरण्यांमधले फॉर्मॅलिनचे नमुने आणि जर्नल. पुढे डिसेक्शन कमी होत गेलं आणि २०१४ मध्ये यूजीसीने प्राणीशास्त्राच्या डिग्री कोर्समधूनही ते बंद करायला सांगितलं. प्राण्यांसाठी हे योग्यच झालं, माझं त्यावर दुमत नाही, पण त्या ट्रेवर पोरांचा हात बसायचा, घाई केली की नस तुटते हे कळायचं, आणि त्या हाताच्या शिकण्याच्या जागी दुसरं काही आलंच नाही. आले ते चार्ट आणि प्लास्टिकची मॉडेल.

पुस्तकं बदलली हे मात्र मान्य करायला हवं. आपल्या दहावीच्या विज्ञानात पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान असा अख्खा धडा आहे, बारावीला पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची पद्धत) आहे, जेल इलेक्ट्रोफोरेसिस (डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणं) आहे. पण सगळं आकृती काढा, नावं द्या, टप्पे लिहा. मी आधी जिथे होते तिथे दोन मायक्रोपिपेट, म्हणजे अगदी थोडं द्रव मोजून घ्यायची साधनं, कपाटात कुलपात असायच्या, खराब होतील म्हणून. आता मायक्रोपिपेटला दोन थांबे असतात, भरताना अंगठा पहिल्या थांब्यापर्यंतच दाबायचा आणि सोडताना दुसऱ्यापर्यंत, हे आकृतीवरून कधीच कळत नाही, एकदा हातात घेतली की दोन मिनिटांत कळतं.

या शहरात सोय नव्हती असंही नाही. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून आहे, २००८ ची आंतरराष्ट्रीय बायोलॉजी ऑलिम्पियाड मुंबईतच झाली. पण तिथवर पोचणारी मुलं मोजकीच. २०१४ मध्ये मनू प्रकाश यांच्या टीमने घडीच्या कागदाचा फोल्डस्कोप जगापुढे आणला, साधारण १४० पट मोठं दाखवणारा, तेव्हा कुठे मायक्रोस्कोप दप्तरात जाऊ शकला.

आणि मग कोविड. आरटीपीसीआर हा शब्द घराघरात, सीटी व्हॅल्यू (कितव्या सायकलला व्हायरस दिसला तो आकडा) किती आली हे आजी-आजोबा पण विचारायला लागले. त्या वर्षी ऑनलाईन वर्गात पीसीआर शिकवताना पहिल्यांदा पोरांनी आपणहून हिशोब केला की दर सायकलला दुप्पट म्हणजे एका डीएनएचे ३० सायकलमध्ये १०० कोटींच्या वर होतात, मग सीटी कमी म्हणजे व्हायरस जास्त कसा तेही त्यांनीच सांगितलं. आणि कॉम्प्युटरची वेगळी खोली तिथेच संपली, कारण मोबाईल आता हातात होता.

गेल्या वर्षी मी सिकल सेलचं प्रॅक्टिकल मोबाईलवर घेतलं. आपल्या नंदुरबार-गडचिरोलीकडे हा रक्ताचा आनुवंशिक आजार खूप, त्यामुळे पोरांना तो नावाने माहीत असतो. पुस्तकात दिलंय की हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिड जाऊन व्हॅलिन येतं. दोघादोघांनी डेटाबेसमधून साखळी उघडली आणि डेहॉफबाईंचीच अक्षरं मोजायला घेतली, एम, व्ही, एच, एल, टी, पी, ई. यातला ई म्हणजे ग्लुटामिक ॲसिड. एक मुलगी स्क्रीनवर बोट ठेवून तीनदा मोजून आली, म्हणाली, "मॅडम, ई सातवा येतोय, पुस्तक चुकलंय का?" मी उत्तर दिलं नाही, पहिल्या एमचं पुढे काय होतं ते शोध म्हटलं. तास संपायच्या आत तिला सापडलं, की तो पहिला एम, म्हणजे मेथिओनिन, पेशी नंतर काढून टाकते आणि जुन्या शास्त्रज्ञांनी तयार प्रोटीनवरून मोजलं होतं, म्हणून त्यांचा सहावा. तिने जर्नलमध्ये आकृतीखाली पेन्सिलने लिहिलं, "पुस्तकातला ६ म्हणजे स्क्रीनवरचा ७, एम धरला म्हणून." त्याच ओळीशेजारी मी सही केली.