कॉन्करंटहॅशमॅपच्या गेटमधलं लॉक कसं गेलं

आज जावात कॉन्करंटहॅशमॅपवर (की-व्हॅल्यूच्या जोड्यांचा साठा, जो अनेक थ्रेड म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं मिळून वापरू शकतात) गेट मारताना, म्हणजे की देऊन व्हॅल्यू वाचताना, कोणी लॉकचा, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाचा, विचारही करत नाही, पण हे सुख मिळायला बरीच वर्षं गेलीत. १९९६ ला जावा १.० आलं तेव्हा हॅशटेबल होतं आणि त्याचं गेट सुद्धा सिंक्रोनाइज्ड, म्हणजे एक थ्रेड नुसतं वाचतोय तरी बाकीचे सगळे रांगेत उभे. १९९८ च्या जावा १.२ मधे हॅशमॅप आला, त्यात लॉकच नाही, आणि ज्यांना पाहिजे त्यांच्यासाठी सिंक्रोनाइज्डमॅप, जो आतून परत तेच एक मोठ्ठं लॉक.

मग लोकांनी साधा हॅशमॅपच बिनधास्त थ्रेड्समधे वापरला आणि तिथे खरी मजा झाली. दोन थ्रेड एकदम रिसाइझ (आतलं टेबल मोठं) करायला लागले की एखाद्या बकेटमधली (टेबलच्या एका कप्प्यातली) लिंक्ड लिस्ट, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या नोडची (नोंदींची) साखळी, स्वतःलाच जोडली जायची, त्यानंतर त्या बकेटवर गेट केलं की थ्रेड गोल गोल फिरत बसणार, सीपीयू १०० टक्के, एक्सेप्शन नाही, लॉगमधे काही नाही, थ्रेड डंप (कुठला थ्रेड कुठल्या ओळीवर आहे याची यादी) काढला की प्रत्येक वेळी तीच गेटची ओळ. वाचणाऱ्याचा काही दोष नसताना अडकायचा तोच!

यावर नीट उत्तर दिलं जावाची कॉन्करन्सी लायब्ररी लिहिणाऱ्या डग ली यांनी, २००४ च्या जावा ५ मधे. मॅपचे डीफॉल्ट १६ सेगमेंट (तुकडे), लिहिणारा फक्त आपल्या सेगमेंटला लॉक लावणार, आणि गेट जवळपास बिनलॉकचं. जवळपास अशासाठी की व्हॅल्यू नल (म्हणजे काहीच नाही) दिसली तर तेवढ्यापुरतं लॉक घेऊन परत वाचायचं, कारण या मॅपमधे नल ठेवताच येत नाही, म्हणजे दिसला तो अर्धवट लिहिलेला नोड. नलवरच्या बंदीला लोक अजून नावं ठेवतात पण मला ती पटते. हॅशमॅपमधे गेटने नल दिला तर कंटेन्सकी (ही की आहे का) विचारून खात्री करता येते, इथे त्या दोन कॉलच्या मधे दुसरा थ्रेड येऊन की उडवून गेला तर काय करणार?

२०१४ च्या जावा ८ मधे सेगमेंट गेले, लॉक बकेटच्या पहिल्या नोडवर आलं, रिकाम्या बकेटमधे तर थेट कॅस (जुनी किंमत तपासून एका फटक्यात नवी लिहिणं, लॉकशिवाय). नोडमधली व्हॅल्यू आणि नेक्स्ट (पुढच्या नोडचा दुवा) दोन्ही व्होलाटाइल, म्हणजे एका थ्रेडने केलेला बदल बाकीच्यांना दिसतोच, त्यामुळे साध्या बकेटवर गेटला लॉक लागतच नाही, आणि रिसाइझ चालू असेल तर जुन्या जागी ठेवलेला फॉरवर्डिंग नोड त्याला नव्या टेबलकडे पाठवतो.

कॉम्प्युटइफॲब्सेंट (की नसेल तरच व्हॅल्यू काढून ठेवणारं) पण तेव्हाच आलं, छानच आहे, फक्त जावा ८ मधे की आधीच असली तरी ते लॉक घ्यायचं. म्हणून बऱ्याच कोडमधे आधी गेट आणि नल आला तरच कॉम्प्युटइफॲब्सेंट असं दिसतं. जावा ९ ला सुधारलं, पण की बकेटच्या पहिल्याच नोडमधे असेल तरच, मागे असेल तर लॉक आहेच.