ज्वाला आणि द्रव्योत्क्षेप: ग्रहाचे चुंबकीय कवच नेमके काय अडवते?

सूर्यावर काहीही घडले तरी आपल्याकडे त्याला सरसकट ‘सौरवादळ’ म्हणतात. हाच ढोबळ शब्द दूरच्या ताऱ्यांबद्दल लिहितानाही वापरला जातो आणि मग एखादा ग्रह जीवसृष्टीस योग्य आहे का, या प्रश्नाचे उत्तरच चुकते.

ज्वाला बहुतेकांना ठाऊक असते: चुंबकीय क्षेत्ररेषा तुटून नव्याने जुळताना साठलेली ऊर्जा मोकळी होते आणि तारा अतिनील व क्ष-किरणांत लखलखतो. द्रव्योत्क्षेपात, म्हणजे बातम्यांतल्या ‘सीएमई’मध्ये, प्रभामंडळातला (ताऱ्याच्या सर्वांत बाहेरच्या वातावरणातला) प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा तप्त वायू, आपल्या चुंबकीय क्षेत्रासह अवकाशात भिरकावला जातो. वेगातला फरक सर्वांच्या परिचयाचा आहे: प्रकाश पृथ्वीवर सुमारे सव्वाआठ मिनिटांत पोहोचतो, तर 1 सप्टेंबर 1859 रोजी इंग्लिश खगोलनिरीक्षक कॅरिंग्टन यांना दिसलेल्या ज्वालेमागून निघालेल्या द्रव्याला, ते असाधारण वेगवान असूनही, सतरा-साडेसतरा तास लागले. भारताच्या ‘आदित्य एल-1’ या सूर्याचा अभ्यास करणाऱ्या यानावरही पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘सूट’ दुर्बीण अतिनील प्रकाशात सूर्यबिंब न्याहाळते, तर उत्क्षेप टिपण्यासाठी बिंब झाकून प्रभामंडळ दाखवणारे ‘व्हेल्क’ हे वेगळे उपकरण आहे.

खरी गफलत होते ती ‘ग्रहाला चुंबकीय क्षेत्र असले की तो ज्वालांपासून सुरक्षित’ या वाक्यात, आणि ते जाणकारांच्या लेखांतही दिसले की माझा संयम सुटतो. चुंबकीय क्षेत्र विद्युतभारित कणांनाच वळवू शकते. प्रकाशाला भार नसतो, त्यामुळे क्षेत्र कितीही प्रबळ असले तरी अतिनील किरण त्यातून सरळ आरपार जातात. त्यांना अडवते ते वातावरण, आणि पृथ्वीपुरते बोलायचे तर मुख्यतः ओझोन. प्रॉक्झिमा सेंटॉरी या लाल बटू, म्हणजे सूर्याहून लहान, थंड आणि मंद ताऱ्यावर मे 2019 मध्ये अवघी सात सेकंद टिकलेली ज्वाला उसळली, तेव्हा त्याची अतिनील तेजस्विता सुमारे 14,000 पट वाढली. त्याचा ‘बी’ हा ग्रह ताऱ्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या जेमतेम विसाव्या भागावर फिरतो. अशा ग्रहाला चुंबकीय कवच असले पण वातावरण नसले, तर त्या सात सेकंदांत कवचाचा काडीचाही उपयोग नाही.

कवच उपयोगी पडते ते उत्क्षेपाच्या द्रव्यापुढे आणि त्याच्या आघातलहरीने वेग दिलेल्या प्रोटॉनांपुढे. हे प्रोटॉन वातावरणात घुसले तर तिथे तयार होणारी नायट्रोजनची ऑक्साइडे ओझोन खाऊन टाकतात, आणि पुढच्या ज्वालेचा अतिनील मारा थेट जमिनीपर्यंत येतो. म्हणजे कवच प्रकाश अडवत नाही, पण प्रकाश अडवणाऱ्या थराची राखण करू शकते. हा फरक बारीक असला तरी सारे त्यावरच अवलंबून आहे. तरीही कवचाविना वातावरण टिकतच नाही, असे कोणी छातीठोकपणे सांगू लागले, तर शुक्राकडे बोट दाखवावे: त्याला स्वतःचे चुंबकीय क्षेत्र नाही, पण वातावरणाचा दाब पृथ्वीच्या नव्वद पटींहून जास्त आहे.

आणखी एक खटकणारी सवय म्हणजे दूरच्या ताऱ्यांच्या ज्वाला मोजून सूर्याच्या प्रमाणात उत्क्षेपही गृहीत धरणे. ज्वाला तेजस्वितेच्या आलेखात सहज दिसतात, उत्क्षेप मात्र क्वचितच हाती लागतात. शिवाय लाल बटू ताऱ्यांचे प्रबळ चुंबकीय क्षेत्र उसळू पाहणारे द्रव्य वरून दाबून धरत असावे, असे संगणकीय प्रतिमाने सुचवतात. तसे असेल तर अशा ग्रहांवर प्रकाशाचा मारा भरपूर आणि द्रव्याचा मात्र अपेक्षेहून कमी होत असेल.