भुसावळची रनिंग रूम ते विमानाचं कॉकपिट: विश्रांतीच्या नियमांची पार्श्वभूमी

भुसावळला रेल्वेवाल्यांच्या घरात वाढलेल्याला रनिंग रूम म्हणजे काय हे सांगावं लागत नाही: गाडी चालवणाऱ्यांची दोन ड्युट्यांमधली विश्रांतीची जागा. गाडी आणून सोडायची, साइन ऑफ करायचं, म्हणजे ड्युटी संपल्याची नोंद करायची, दोन घास खाऊन पडायचं आणि पुढचा कॉल आला की उठायचं. दिवस आहे की रात्र, हे गाडी ठरवते. म्हणूनच डिसेंबर २०२५ मध्ये देशभरातली विमानं धडाधड रद्द झाली आणि 'पायलटांच्या ड्युटीच्या तासांमुळे' असं कारण पुढे आलं, तेव्हा खान्देशातल्या रेल्वे कुटुंबांना त्यात नवं काही वाटलं नसेल. हा झगडा त्यांनी आपल्याकडच्या विमानवाल्यांच्या कितीतरी आधी पाहिला आहे.

१९७३ च्या ऑगस्टमध्ये इंजिन चालवणाऱ्या लोको रनिंग कर्मचाऱ्यांनी संप केला. मागणी साधी होती: साइन ऑनपासून साइन ऑफपर्यंत सलग ड्युटी दहा तासांच्या वर नको. सरकारने ती तत्त्वतः मान्य केली. अंमलबजावणी मात्र रखडत राहिली आणि पुढच्याच वर्षी, मे १९७४ मध्ये, रेल्वेचा २० दिवसांचा देशव्यापी संप झाला. त्यात इतरही मागण्या होत्या, पण कामाचे तास हा जुना सल होताच. सलग किती रात्री गाडी चालवायला लावायची, यावर लोको पायलटांच्या संघटना आजही भांडत आहेत.

विमानांत हाच प्रश्न वेगळ्या वाटेने आला. अमेरिकेत १९३४ सालीच वैमानिकांच्या उड्डाणावर महिन्याला ८५ तासांची मर्यादा आली, तीही कामगार तंट्यातून. पुढे कित्येक दशकं सगळीकडे हिशेब चालला तो तासांच्या बेरजेचा. ते तास दिवसाच्या कोणत्या वेळचे, हे फारसं कुणी विचारत नव्हतं. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीराची सतर्कता सगळ्यात खाली जाते, मग आदल्या दिवशी माणूस कितीही झोपलेला असो. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी थोडी दारू प्यायलेल्या माणसाइतकी घसरते, हे १९९७ मध्ये प्रयोगातून दिसलं. त्याआधी, १९९३ मध्ये, ग्वांतानामो बे इथे एक मालवाहू विमान कोसळलं, तेव्हा अमेरिकेच्या तपास यंत्रणेने चालक दलाचा थकवा हे अपघाताचं कारण म्हणून प्रथमच नोंदवलं. २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरच्या अपघातात ५० जण गेले. त्यानंतर तिथले नियम नव्याने लिहिले गेले आणि २०१४ पासून लागू झाले. मालवाहू विमानांना मात्र त्यातून वगळलं, जणू त्यांच्या वैमानिकांना झोप लागत नाही!

आपल्याकडची गोष्ट जास्त सलणारी आहे. १९९२ च्या एका परिपत्रकावर आपण वर्षानुवर्षं काम भागवलं. २००७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, वैमानिकांना जास्त विश्रांती देणारे नियम आणले. विमान कंपन्यांनी विरोध केला, २००८ मध्ये ते बाजूला ठेवले गेले आणि १९९२ चंच परिपत्रक परत आलं. वैमानिकांच्या संघटना कोर्टात गेल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं.

हे चालू असतानाच २२ मे २०१० ची सकाळ उजाडली. दुबईहून मध्यरात्रीनंतर निघालेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान मंगळूरला उतरताना धावपट्टी ओलांडून दरीत गेलं. १६६ पैकी १५८ जण मृत्युमुखी पडले. कॉकपिटमधल्या रेकॉर्डिंगमध्ये कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज होता. चौकशी न्यायालयाने मुख्य दोष चुकीचं लँडिंग न सोडण्याला दिला, पण गाढ झोपेतून उठल्यानंतरच्या जडपणाचा त्या निर्णयावर परिणाम झाला, हेही नोंदवलं. सहवैमानिक विमान पुन्हा वर घ्यायला सांगत होता. मला हा तपशील वाचताना दर वेळी थांबावं लागतं.

२०११ मध्ये नवे नियम आले. मग पुन्हा एक तप गेलं. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने ते आणखी कडक केले: आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास, 'रात्र' पहाटे पाचऐवजी सहापर्यंत, आणि रात्रीच्या ड्युटीत सहाऐवजी दोनच लँडिंग. जून २०२४ ची तारीख टळली. दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर जुलै आणि नोव्हेंबर २०२५ असे दोन टप्पे ठरले. म्हणजे कंपन्यांना तयारीला जवळजवळ दोन वर्षं मिळाली. तरी दुसरा टप्पा लागू झाल्यावर महिन्याभरात इंडिगोचं वेळापत्रक कोसळलं. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली आणि त्याच दिवशी डीजीसीएने इंडिगोला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. २००८ मध्ये घडलं तेच पुन्हा घडलं. वैमानिकांच्या संघटनांनी तेव्हाही आक्षेप घेतला, आताही घेतला.

आपल्या भागाचा याच्याशी संबंध आता नुसता बातमीपुरता नाही. धुळ्याजवळ गोंदूरच्या विमानतळावर बॉम्बे फ्लाइंग क्लबची मुलं विमान चालवायला शिकतात. यातली काही उद्या याच रोस्टरवर, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकावर, असतील. जळगावहून 'उडान' योजनेत डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईचं विमान सुरू झालं, बंद पडलं, पुन्हा वेगवेगळ्या कंपन्यांनी चालवलं. अशा लहान विमानतळावर कंपनीचे राखीव वैमानिक बसलेले नसतात, ते मोठ्या तळावर असतात. आधीच्या फेऱ्यांत उशीर होत गेला आणि वैमानिकाचे तास संपले, तर जळगावची फेरी रद्द होते आणि काउंटरवरच्या पोराला लोकांच्या शिव्या बसतात. वैमानिक तेव्हा नियम पाळत असतो. जाब विचारायचाच तर तो रोस्टर आखणाऱ्या कंपनीला: राखीव वैमानिक किती ठेवलेत, आणि नवे नियम दोन वर्षं आधी माहीत असताना भरती का केली नाहीत?