कुत्र्यासह लेहला जायला फोर बाय फोरच लागते?

‘कुत्र्याला घेऊन लेहला जायचं तर फोर बाय फोरच हवी’ हे वर्षानुवर्षं ऐकतोय. ते खरं नाही. फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद; त्याने बर्फात, चिखलात पकड वाढते. ब्रेक काही लवकर लागत नाही. उन्हाळ्यात श्रीनगर-लेह रस्ता बहुतेक डांबरी असतो. वाटेतली ३,५२८ मीटरवरची झोजी ला खिंड खडबडीत, पण ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची) बरा असेल तर साधी गाडीही चढते.

कुत्र्याचा खरा प्रश्न मागच्या जागेचा. तो मुख्यतः धापा टाकून अंग गार ठेवतो, म्हणून एसीचा वारा त्याच्यापर्यंत पोचायलाच हवा. डिकीची कड उंच असली की म्हातारा लॅब्रॅडॉर पुढचे पंजे टेकवून तसाच उभा राहतो, मागचे पाय उचलतच नाहीत. गाडी बघायला शोरूमला जाताना त्यालाही न्या. सीटची तिसरी रांग असेल तर ती दुमडून तो आडवा पसरतो का, बघा.