नवी मोटारसायकल, लांबचा रस्ता आणि थंडी

नवी मोटारसायकल ताब्यात घेऊन ऐन थंडीत शेकडो किलोमीटर चालवत घरी आणायची म्हटले, की बहुतेकांना पहिली काळजी वाटते ती इंजिनाची. कोरे इंजिन एवढा पल्ला सोसेल का, गारठ्याने त्याचे काही बिघडेल का, किती वेगाच्या पुढे जाऊ नये, असे प्रश्न मनात येतात. ही काळजी स्वाभाविक असली तरी माझ्या मते ती थोडी चुकीच्या जागी आहे. नीट चालवले तर असा प्रवास नव्या इंजिनाच्या पथ्यावरच पडतो. थंडीचा खरा ताण नव्या टायरांवर येतो, आणि त्याहूनही अधिक तो चालवणाऱ्याच्या हातांवर येतो.

उष्णतेचा साधा हिशेब मांडला की हे लक्षात येते. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे ३४ मेगाज्यूल ऊर्जा मोकळी होते. गाडी लिटरला ३० किलोमीटर धावते आणि वेग ताशी ६० किलोमीटर आहे असे धरले, तर तासाला दोन लिटर पेट्रोल जळते, म्हणजेच सरासरी १९ किलोवॅटच्या आसपास शक्ती निर्माण होत राहते. त्यातला जेमतेम पाव हिस्सा चाक फिरवण्याच्या कामी येतो आणि उरलेले सुमारे १४ किलोवॅट धुरावाटे, सिलिंडरवरच्या पात्यांवाटे किंवा रेडिएटरवाटे निव्वळ उष्णता म्हणून बाहेर टाकले जातात. त्याच गाडीवर बसलेल्या माणसाचे शरीर मात्र शंभर ते दीडशे वॅट एवढीच उष्णता निर्माण करते. समोरून येणारा वारा दोघांनाही सारखाच लागतो, पण इंजिनाकडे उधळायला शंभरपट उष्णता असते. शिवाय वारा कितीही जोराचा असला तरी तो धातूला हवेच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही, त्यामुळे वाऱ्याच्या बोचरेपणाची इंजिनाला वेगळी भीती नाही.

इंजिनाला जपायचे असते ते सुरुवातीच्या काही मिनिटांत. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि अनेक इंजिनांत तो सिलिंडरच्या बिडाच्या अस्तरात वरखाली होतो. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते. साठ मिलिमीटर व्यासाचा पिस्टन शंभर अंशांनी तापला तर तो सुमारे ०.१४ मिलिमीटरने फुगतो, तर तेवढ्याच तापमानवाढीने बिडाचे अस्तर ०.०७ मिलिमीटरच्या आसपास रुंदावते. दोघांमधली मूळ फटच काही शतांश मिलिमीटरची असते. जळणाऱ्या वायूंची धग थेट पिस्टनच्या माथ्यावर बसते, त्यामुळे पिस्टन झपाट्याने तापतो. सिलिंडरला मात्र बाहेरून गार वारा लागत असल्याने तो मागे राहतो. चालू केल्या केल्या ॲक्सिलरेटरची मूठ पूर्ण पिळली तर पिस्टन आधी फुगतो, सिलिंडर अजून आकसलेलाच असतो आणि दोघांमधली ऑइलची पापुद्र्याएवढी थर पिळवटून निघते. नव्या इंजिनात ही फट सर्वांत कमी आणि पृष्ठभाग सर्वांत खरबरीत असतात, म्हणून असा उतावळेपणा त्याला जास्त बाधतो.

या खरबरीतपणाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण रनिंग-इनच्या, म्हणजे नवी गाडी सुरुवातीला कशी चालवावी याच्या, सगळ्या सल्ल्यांचे मूळ त्यात आहे. नवा सिलिंडर उघडून आतली भिंत उजेडात तिरकी धरली, तर तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. घासण्याच्या दगडाने ती मुद्दाम आखलेली असते. तिच्या चरांत ऑइल टिकून राहते आणि चरांमधले सूक्ष्म कंगोरे पिस्टनच्या रिंगांशी, म्हणजे त्याच्याभोवतीच्या धातूच्या कड्यांशी, घासून हळूहळू सपाट होतात. रिंग स्वतःच्या ताणाने भिंतीवर फारशी दाबली जात नाही. ज्वलनातला वायू तिच्या मागच्या खाचेत शिरून तिला बाहेर रेटतो, आणि जोर लावलेल्या इंजिनात हा दाब वातावरणाच्या दाबाच्या चाळीस-पन्नास पटींपर्यंत जातो. म्हणूनच नवी गाडी पहिले हजार किलोमीटर केवळ मंद वेगात, एकाच लयीत दामटणे हे तिला जपणे नव्हे. भार फारच कमी राहिला तर रिंगा भिंतीवर पुरेशा बसत नाहीत, भिंतीवर ऑइलचा काचेसारखा गुळगुळीत लेप चढतो आणि पुढे गाडी कायमची ऑइल खाऊ लागते.

याच्या उलट, पहिल्याच दिवशी इंजिन त्याच्या मिनिटाला होणाऱ्या कमाल फेऱ्यांपर्यंत पिळण्याचा सल्लाही छातीठोकपणे दिला जातो. तोही मला पटत नाही, कारण नव्या इंजिनात रिंगांखेरीज गिअरचे दात, कॅम आणि बेअरिंग यांचेही पृष्ठभाग एकमेकांशी जुळायचे असतात. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेतली फेऱ्यांची मर्यादा पाळावी, त्या मर्यादेच्या आत मूठ मोकळेपणाने वापरावी, वेग वाढवावा, मग मूठ सोडून गाडीला आपोआप मंद होऊ द्यावे आणि एकाच वेगात तास न् तास जाऊ नये, हे यातले शहाणपणाचे वर्तन आहे. मूठ सोडल्यावर सिलिंडरमध्ये निर्वात ओढ तयार होते आणि भिंतीवर थोडे ऑइल वर खेचले जाते, हा त्यातला आणखी एक फायदा. वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर इंजिन रडत चढ चढवणे मात्र टाळावे. जर्मन अभियंता रिचर्ड श्ट्रिबेक यांनी १९०२च्या सुमारास बेअरिंगांमधील घर्षणाचा जो अभ्यास केला, त्यातून हे स्पष्ट झाले की दोन पृष्ठभागांमधली वंगणाची थर ऑइलच्या दाटपणावर आणि गतीवर तरते आणि भार वाढला की पातळ होते. कमी फेऱ्या आणि जास्त भार ही त्या थरासाठी सर्वांत वाईट जोडी आहे.

थंडीत ऑइल दाट होते, आणि पंपाला ते वरच्या भागांपर्यंत पोहोचवायला जास्त वेळ लागतो. डब्यावर १०डब्ल्यू-३० असे लिहिलेले असते, त्यातला पहिला आकडा या थंड वागणुकीचा निदर्शक असतो आणि तो जितका लहान तितके ऑइल गारठ्यात प्रवाही राहते. तरीही गाडी उभी करून दहा-पंधरा मिनिटे तापवत ठेवण्यात हित नाही. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल पाजावे लागते, त्यातले काही जळत नाही, भिंतीवरून खाली उतरून ऑइल पातळ करते. अर्धा-एक मिनिट इंजिन स्थिरावू द्यावे आणि मग मध्यम फेऱ्यांवर हलकेच निघावे. भाराखाली इंजिन लवकर तापते. एवढेच ध्यानात ठेवावे की रेडिएटरमधले पाणी तापल्यानंतरही ऑइल पुरते तापायला आणखी बराच वेळ लागतो.

लांब पल्ल्याचा खरा लाभ पाण्याच्या बाबतीत होतो. एक लिटर पेट्रोल जळले की रासायनिक क्रियेतून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. ते वाफेच्या रूपात बाहेर पडते, थंडीत सायलेन्सरमधून दिसणारा पांढरा फवारा त्याचाच असतो. त्यातला थोडा अंश रिंगांच्या बाजूने खाली झिरपतो आणि थंड इंजिनाच्या पोटात त्याचे पाणी होते. थंडीत रोज दोन-चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीच्या ऑइलची पातळी दाखवणाऱ्या काचेत दुधट, फिकट साय दिसते ती यामुळे. दोन तास सलग चाललेल्या इंजिनात ऑइल इतके तापते की हे पाणी उडून जाते. तेव्हा नव्या इंजिनाला गावातल्या तुटक फेऱ्यांपेक्षा असा प्रवास मानवतो. अंतर फार मोठे असेल तर पहिल्या सर्व्हिसिंगचा आकडा वाटेतच येऊ शकतो. पहिल्या ऑइलमध्ये घासून निघालेले धातूचे कण तरंगत असतात, म्हणून ते बदलण्याची सोय निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावी.

टायरांची गोष्ट वेगळी आहे. साच्यातून निघालेल्या नव्या टायरचा पृष्ठभाग चकचकीत असतो आणि पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर तो रस्त्यावर घासला जाईपर्यंत त्याची पकड पूर्ण नसते. रबराची पकड मुख्यतः खडीच्या बारीक टोकांभोवती दबून पुन्हा पूर्ववत होण्याच्या त्याच्या गुणातून येते. थंडीत रबरातल्या लांब साखळ्यांची हालचाल मंदावते, रबर कडक होते आणि हा गुण कमी पडतो. यात एक धोका सहज नजरेआड होतो. सरळ महामार्गावर दोनशे किलोमीटर कापले तरी टायरचा मधला पट्टाच घासला आणि तापलेला असतो, दोन्ही कडा कोऱ्या आणि गारच राहतात. महामार्ग सोडून पहिल्या वळणावर गाडी कलली, की भार नेमका त्या न वापरलेल्या कडेवर जातो. त्यामुळे प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यातही वळणे सुरुवातीसारखीच सांभाळून घ्यावी लागतात.

टायरमधला दाबही थंडीत उतरतो. तीस अंश सेल्सिअसला ३३ पीएसआय हवा भरली आणि सकाळी तापमान पाच अंश असेल, तर गळती काहीही नसताना दाब २९ पीएसआयच्या आसपास येतो, म्हणून तो निघण्याआधी टायर थंड असतानाच तपासावा. ब्रेकचे पॅड आणि डिस्कही नवीन असतात. पॅडच्या द्रव्याची पातळ थर डिस्कवर समान बसेपर्यंत ते पुरते धरत नाहीत, म्हणून पहिल्या काही किलोमीटरांत मोकळ्या रस्त्यावर मध्यम जोराने, अधूनमधून सोडत ब्रेक लावावेत. नवी चेन थोडी सैलावते, मुक्कामी तिची ढिलाई बघावी.

आता माणसाकडे वळू. वाऱ्याने जाणवणाऱ्या थंडीचे मोजमाप पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी अंटार्क्टिकावर केले. बाटलीएवढ्या नळकांड्यातले पाणी वाऱ्यात किती वेळात गोठते हे त्यांनी नोंदवले आणि त्यांचा निबंध १९४५मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिका आणि कॅनडा यांनी २००१मध्ये स्वीकारलेल्या सुधारित सूत्रानुसार हवा पाच अंश असताना ताशी २० किलोमीटर वाऱ्यात उघड्या चेहऱ्याला सुमारे एक अंशाइतकी, ४० किलोमीटरला उणे एक आणि ८० किलोमीटरला उणे तीन अंशांइतकी थंडी जाणवते. या आकड्यांत एक उपयोगी गोष्ट दडलेली आहे. वाऱ्याचा निम्मा मार ताशी वीस किलोमीटर वेगापर्यंतच बसतो, त्यापुढे वेग दुप्पट केला तरी भर थोडीच पडते. म्हणजे थंडी वाजते म्हणून ऐंशीवरून साठवर येण्याने विशेष फरक पडत नाही, अंगाला वारा लागूच न देण्याने पडतो.

स्थिर हवा उष्णतेची अतिशय मंद वाहक आहे. लोकर किंवा कापूस भरलेला कपडा तिला धाग्यांमध्ये अडकवून ठेवतो म्हणून तो उबदार वाटतो. वारा आरपार गेला की ही अडकलेली हवा निघून जाते आणि जाड स्वेटरही निरुपयोगी ठरतो. पाणी तर हवेच्या वीस पटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणून घामाने किंवा धुक्याने ओला झालेला आतला कपडा बदलणे हा चैनीचा भाग नाही. वारा अजिबात न शिरणारे बाहेरचे जाकीट, मानेभोवती घट्ट पट्टा आणि मनगटाशी फट न ठेवणारे हातमोजे, एवढ्याने बरेच काम होते.

हातांचे मात्र एवढ्याने भागत नाही. शरीराचा गाभा ३७ अंशांवर राखण्यासाठी मेंदू सर्वांत आधी बोटांचा रक्तपुरवठा कमी करतो. बोटे बारीक असल्याने त्यांचा पृष्ठभाग आकारमानाच्या मानाने मोठा असतो, आणि त्यांना हलवणारे मोठे स्नायू कोपराखाली असल्याने बोटांत स्वतःची उष्णता फारशी तयार होत नाही. त्वचा पंधरा अंशांच्या खाली गेली की बोटांचे कौशल्य स्पष्टपणे घटते, आणि आठ अंशांच्या आसपास स्पर्शाची जाणीवही बोथटते. क्लच किती सोडला, ब्रेकची कांडी किती दाबली, हे सारे आपण बोटांच्या जाणिवेवर ठरवतो. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे बधिर बोटांनी ब्रेक पकडायला अर्धा सेकंद उशीर केला तर अकरा मीटर अधिक लागतात. नव्या गाडीच्या ब्रेकचा अंदाज हाताला अजून बसलेला नसतो, हे त्यात आणखी धरावे.

इंजिनाची वाया जाणारी उष्णता हातांपर्यंत आणण्याचा सोपा मार्ग वीज हाच आहे. गरम होणाऱ्या मुठींना तीस-चाळीस वॅट, गरम जाकिटाला शंभरच्या आत-बाहेर वॅट लागतात. गाडीच्या जनित्राची वीज दिवा, प्रज्वलन आणि पेट्रोल पंप यांना पुरून किती उरते, हे पाहूनच ती जोडावीत. वीज जोडता येत नसेल तर मुठींपुढे वारा अडवणारी ढाल बसवावी, तिचाही मोठा उपयोग होतो.

थांबे किती घ्यावेत हे किलोमीटरांनी ठरवू नये. अंगठा त्याच हाताच्या करंगळीच्या टोकाला सहज टेकतो का, ही चाचणी अधूनमधून करावी, आणि टेकत नसेल तर लगेच थांबावे. हुडहुडी अनावर होत असेल, बोलणे अडखळत असेल किंवा हुडहुडी थांबूनही सुस्ती येत असेल, तर शरीराचे तापमान ३५ अंशांच्या दिशेने किंवा त्याहूनही खाली उतरते आहे असे समजून त्या दिवसाचा प्रवास तिथेच संपवावा. थंडीत मूत्रपिंडे जास्त पाणी बाहेर टाकतात, म्हणून तहान लागली नाही तरी थांब्यावर गरम काहीतरी प्यावे. सकाळी उशिरा निघावे, कारण हवा दोन-तीन अंशांवर असतानाही रात्रभर उष्णता गमावलेला रस्ता गोठणबिंदूखाली असू शकतो, आणि खालून-वरून वारा लागणारे पूल सर्वांत आधी गोठतात. थांबा मात्र अर्ध्या तासाचा झाला, की तेवढ्या वेळात टायर पुन्हा गार झालेले असतात, म्हणून बोटे तापली तरी पुढचे पहिले काही किलोमीटर सावकाशच काढावे लागतात.