लेटर सी म्हणजे सर्टिफिकाट नव्हे: जावातल्या गावच्या जमिनीचे दोन कागद

इंडोनेशियाच्या जावा बेटावर जकार्ता, बांडुंग, सुराबायाकडे कामाधंद्याला गेलेल्या आणि तिथल्याच घरात सोयरीक जुळलेल्या मराठी मंडळींकडून एक वाक्य वरचेवर ऐकू येतं: "सासऱ्यांच्या नावावर लेटर सी आहे, म्हणजे आपला सातबाराच की." एवढ्या भरवशावर लोक पैसे मोजतात, भातखाचराच्या कडेला घराचा पाया खणतात आणि मग नवऱ्याचा किंवा बायकोचा चुलतभाऊ दुसराच कागद घेऊन उभा राहिला की हबकतात. त्या वाक्यात दोन चुका आहेत. लेटर सी, म्हणजे जावातल्या गावची जुनी करनोंद, हा सातबारा नाही. आणि तो सातबारा असता, तरी जावात तेवढ्यावर भागलं नसतं.

सातबारा तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल थोडक्यात. तो गटाचा उतारा असतो: हा गट नंबर, एवढं क्षेत्र, हे कब्जेदार, हे पीक. ती मुळात महसुली नोंद. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे ती खोटी ठरेपर्यंत खरी धरायची. मालकीचा अंतिम पुरावा ती नाही, हे आपली न्यायालयं पुन्हा पुन्हा सांगत आली आहेत. तरीही आपण सातबाऱ्यावर थांबतो, कारण आपल्याकडे त्याच्या वरचा कागदच नाही. खरेदीखत नोंदवलं तरी नोंद दस्ताची होते; "ही जमीन अमक्याची" असं प्रमाणपत्र सरकार देत नाही. ही थांबायची सवय घेऊन माणूस जावात जातो, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. जावात वरचा कागद आहे: सर्टिफिकाट.

आधी लेटर सी. मध्य जावातल्या कुठल्याही खेड्यात गेलात तर ग्रामकार्यालयाच्या कपाटात जाड, कडा झिजलेलं एक दप्तर असतं. गावचा सचिव, म्हणजे चारिक, ते सांभाळतो. त्यात प्रत्येक करदात्याला एक क्रमांक दिलेला असतो. क्रमांकाखाली त्याचं नाव, मग त्याच्या तुकड्यांची यादी: पर्सिल क्रमांक, जमिनीची प्रत, क्षेत्र आणि कर. ओलिताच्या भातजमिनीला एस, कोरड्या जमिनीला डी, आणि पुढे प्रतीचा आकडा. शेवटच्या रकान्यात कुणाकडून आली, कुणाकडे गेली, याची टिपणी. लोकांच्या हातात असतो तो या नोंदीचा उतारा किंवा कराची पावती. पूर्व जावात त्याला पेतोक डी म्हणतात, जकार्ताच्या आसपास गिरिक, सुंदा मुलखात, म्हणजे पश्चिम जावात, किकितिर. नावांत गुंतू नका, जात एकच.

आता यादीची रचना नीट पाहा. सातबारा जमिनीपासून सुरू होतो आणि माणसापर्यंत येतो. लेटर सी माणसापासून सुरू होतो आणि त्याच्या तुकड्यांपर्यंत जातो. आपल्याकडे अशी माणसाच्या खात्याची नोंद कुठली? गाव नमुना आठ-अ. लेटर सी हा जावाचा आठ-अ आहे, सातबारा नव्हे. आठ-अ दाखवून कुणी शेत विकायला आलं तर तुम्ही सातबारा मागाल, फेरफार मागाल, मोजणीचा नकाशा मागाल. मग जावात त्याच जातीच्या कागदावर हुरळून जायचं कारण काय?

आणि लेटर सी तर आठ-अपेक्षाही लंगडा. तो जन्मला जमीनकर वसूल करायला. १८११ ते १८१६ या काळात जावा इंग्रजांच्या ताब्यात होती, तेव्हा त्यांचा तिथला लेफ्टनंट-गव्हर्नर रॅफल्स याने जमिनीवरचा सारा सुरू केला. पुढे डचांनी तो चालवला आणि नोंदवह्या त्यातून वाढल्या. कर कुणाकडून घ्यायचा, एवढाच त्यांचा प्रश्न. जो कसतो, जो भरतो, त्याचं नाव. १९८५ च्या कायद्याने जमीन आणि इमारतींवरचा नवा कर आला आणि कराचं दप्तरच बदललं. तेव्हापासून लेटर सी करापुरताही मुख्य राहिला नाही. पण खेड्यापाड्यांत तो जपला गेला, कारण प्रमाणपत्र न झालेल्या जमिनीचा जुना इतिहास दुसरीकडे कुठे लिहिलेलाच नव्हता. कुठल्या चारिकाने फेरबदल इमानाने टिपले, कुठल्याने पेन्सिलीने, कुठे पानंच गहाळ. अशा पानावर आजही आजोबांचं नाव असतं, आणि खाली सहा नातवंडं आपापल्या वाट्यात भात लावत असतात.

इंडोनेशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० सालीच सांगून ठेवलं आहे की कराचा कागद हा मालकीचा पुरावा नव्हे. साठ वर्षं उलटून गेली तरी लोक तोच कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून अभिमानाने दाखवतात, आणि आपले लोक तो पाहून मान डोलावतात. याची मला खरोखर चीड येते, कारण बुडणारे पैसे बहुधा कुणाच्या तरी आयुष्यभराच्या बचतीचे असतात.

आता सर्टिफिकाट. २४ सप्टेंबर १९६० च्या मूलभूत कृषी कायद्याने वसाहतकाळातली दुहेरी पद्धत मोडली, म्हणजे युरोपीय हक्क वेगळे आणि स्थानिकांचे वेगळे हा प्रकार संपवला, आणि जमिनीवरच्या हक्कांची एकच उतरंड लावली. सगळ्यांत वर हाक मिलिक: पूर्ण, वारसाने चालणारा मालकीहक्क. हा हक्क ज्यावर लिहून मिळतो ते सर्टिफिकाट. ते ग्रामकार्यालयात मिळत नाही. काबुपातेनच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, जमीन कार्यालयातून निघतं. त्यासाठी मोजणी होते, शेजारी हद्दीला संमती देतात, जाहीर सूचना लागते, हरकती ऐकल्या जातात. त्याला मोजणीचा नकाशा जोडलेला असतो आणि तुकड्याला स्वतःचा क्रमांक मिळतो. जुनं सर्टिफिकाट हिरव्या मुखपृष्ठाचं, गरुडाची राजमुद्रा असलेलं पुस्तक. डिसेंबर २०२३ पासून इलेक्ट्रॉनिक सर्टिफिकाट सुरू झालं आहे.

त्याचं वजन किती, ते १९९७ च्या जमीन नोंदणी नियमांत, क्रमांक २४ मध्ये, सापडतं. कलम ३२ म्हणतं की सर्टिफिकाट हा भक्कम पुरावा आहे. ते निघून पाच वर्षं झाली, जमीन प्रामाणिकपणे मिळवलेली आणि प्रत्यक्ष ताब्यात असली, आणि त्या पाच वर्षांत कुणी लेखी हरकत घेतली नसेल किंवा कोर्टात गेलं नसेल, तर नंतर कुणाला त्या जमिनीवर दावा सांगता येत नाही. आपल्या सातबाऱ्याला असं कवच कुठे आहे? म्हणून चुलतभावाने तालुक्याच्या वाटेवर नुसती कुरकुर केली तर बिघडत नाही, पण जमिनीला फक्त लेटर सी असेल तर तीच कुरकुर तुमचं घर अडवू शकते.

मधले कागदही लोकांना फसवतात. दरवर्षी येणारी कराची मागणीची चिठ्ठी: तीवर नाव आहे म्हणजे कर त्याच्याकडे मागितला आहे, बस. कोरी पावती किंवा जुन्या स्टँपच्या कागदावर गावप्रमुखासमोर लिहिलेली विक्री: ती दोघांतल्या व्यवहाराची साक्ष आहे, हक्क नव्हे. आणि सगळ्यांत फसवी म्हणजे जमिनीचे दस्त करणाऱ्या अधिकृत अधिकाऱ्यासमोर, काही ठिकाणी चामातसमोर, म्हणजे तालुक्याच्या प्रमुखासमोर, झालेलं विक्रीखत. ते कायदेशीर असतं, प्रमाणपत्र नसलेल्या जमिनीचंही करता येतं, आणि म्हणून लोक तिथेच थांबतात. ते खरेदीखत आहे. त्याच्या पुढे जमीन कार्यालयात जायचंच आहे.

२०२१ च्या सरकारी नियम क्रमांक १८ ने जुन्या आदात, म्हणजे रूढीच्या हक्कांच्या, कागदांना नोंदणीसाठी पाच वर्षांची मुदत दिली, म्हणजे २ फेब्रुवारी २०२६ पर्यंत. त्यानंतर लेटर सी, गिरिक वगैरे हक्काचा पुरावा म्हणून चालत नाहीत. नोंदणी करताना फक्त दिशा दाखवणारा कागद म्हणून उपयोगी पडतात. यावरून उलटी अफवा उठली की मुदत संपली की सरकार जमीन घेणार. नियमात तसं काही नाही. कसणाऱ्याचा ताबा, शेजाऱ्यांची साक्ष, वारसांचे कागद यांवर नोंदणी पुढेही होते. २०१७ पासूनच्या सरसकट नोंदणी मोहिमेत गावची निवड झाली असेल तर ते स्वस्तातही होतं: जावा आणि बालीसाठी गावपातळीवरच्या तयारीचा खर्च १,५०,००० रुपिया ठरवून दिलेला आहे. सासरच्या गावात मोहीम येणार असेल तर घरातल्या मोठ्यांना, बापाक-इबूंना, आत्ताच विनंती करा. आजोबांच्या नावावरून वारसांच्या नावावर आणायचं काम म्हातारी माणसं हयात असताना जेवढं सोपं, तेवढं नंतर राहत नाही. भावाला दोन वाटे आणि बहिणीला एक, की सगळ्यांना सारखे, यावर जावाच्या घराघरांत वेगवेगळी रीत आहे. ते त्यांना आपसांत ठरवू द्या, जावयाने मध्ये बोलू नये.

किरकोळ गोंधळ झटपट. देसाचा, म्हणजे खेड्याचा, प्रमुख निवडून येतो; कलुराहानचा, म्हणजे शहरी विभागाचा, प्रमुख लुराह सरकारी नोकर असतो. फक्त योग्याकार्तात देसालाच कलुराहान म्हणतात. दुसून म्हणजे वाडी. क्षेत्र कुणी उबिनमध्ये सांगितलं तर एक उबिन सुमारे १४ चौरस मीटर धरा. बस्स.

बेंग्कोक मात्र किरकोळ नाही. गावच्या अधिकाऱ्यांना पगाराऐवजी कसायला दिलेली ही गावची जमीन, आपल्या जुन्या पाटीलकी-कुलकर्णी वतनांसारखी, फक्त ती पदाबरोबर जाते, घराण्याबरोबर नाही. गावप्रमुख स्वतः त्या खाचरात उभा राहून "ही माझी" म्हणाला तरी ती त्याची विकायची नाही.

सर्टिफिकाट कुणाच्या नावावर, हा प्रश्न आपल्या मंडळींसाठी कळीचा. १९६० च्या कायद्याचं कलम २१ सांगतं की हाक मिलिक फक्त इंडोनेशियन नागरिकाला. परदेशी माणसाकडे तो वारसाने किंवा लग्नातल्या सामायिक मालमत्तेतून आला तर एका वर्षात सोडावा लागतो. कलम २६ प्रमाणे आडमार्गाने, दुसऱ्याच्या नावावर घेऊन केलेला व्यवहारही रद्दबातल. जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. ड्रायव्हरच्या किंवा मित्राच्या नावावर घ्या असा सल्ला देणाऱ्यापासून लांब राहा. नवराबायकोत एक जण भारतीय नागरिक असेल तर मालमत्तेचा करार आधी करा. २०१६ च्या घटना न्यायालयाच्या निकालानंतर तो लग्नानंतरही करता येतो. करार नसेल तर इंडोनेशियन जोडीदाराच्या नावावरची नवी खरेदीसुद्धा सामायिक ठरून अडचणीत येते. परदेशी रहिवाशाला राहत्या घरासाठी हाक पाकाई, म्हणजे वापराचा मुदतीचा हक्क, मिळू शकतो. भातशेतीचं स्वप्न त्यात बसवू नका.

शेतजमिनीला आणखी एक अट आहे. महाराष्ट्रात विचारतात, तुम्ही शेतकरी आहात का? जावात विचारतात, तुम्ही राहता कुठे? १९६१ च्या सरकारी नियम क्रमांक २२४ प्रमाणे मालक जमीन असलेल्या कचामातानमध्येच, म्हणजे तालुक्यातच, राहायला हवा. शेजारचा कचामातान असेल तर अंतर बेताचं असल्यास सवलत आहे. म्हणजे जकार्तात राहणाऱ्या इंडोनेशियन बायकोनेही बान्युमासमध्ये भातजमीन घेण्याआधी ही अट तपासायला हवी. घराच्या बिगरशेती जागेला ती लागत नाही.

जाताना दोन फेऱ्यांची तयारी ठेवा. जकार्ताहून बान्युमासमधल्या पुर्वोकर्तोपर्यंत रेल्वे उत्तम आहे, पण तिथून कचामातानच्या गावापर्यंत मिनीबस आणि पुढे वाडीपर्यंत ओजेक, म्हणजे भाड्याची मोटारसायकल. दुपार कलली की ग्रामीण मिनीबस विरळ होतात आणि शुक्रवारी नमाजाच्या वेळी कार्यालयं रिकामी असतात. सोमवार ते गुरुवार सकाळीच पोचा. एक दिवस ग्रामकार्यालयात लेटर सीचं पान बघायला, दुसरा दिवस काबुपातेनच्या जमीन कार्यालयात सर्टिफिकाट तपासायला. मुक्काम सासरी असला तरी पाहुणा आल्याची वर्दी चोवीस तासांत एर्तेच्या प्रमुखाला, म्हणजे आळीच्या कारभाऱ्याला, द्यायची असते. ती यजमानाला द्यायला सांगा.

आणि खाचरात उभं पीक असेल तर ते कुणी लावलं, हे विचारल्याशिवाय परतू नका. दोन्ही कागदांवर अर्धेलीने कसणारा दिसत नाही, आणि तोंडी गहाण तर मुळीच दिसत नाही. जावात भातजमीन गहाण टाकणं रोजचं आहे. १९६० च्या कायदा क्रमांक ५६ मधल्या कलम ७ प्रमाणे सात वर्षं किंवा जास्त काळ गहाण राहिलेली शेतजमीन, उभं पीक निघाल्यावर एका महिन्यात, पैसे न घेता मूळ मालकाला परत द्यायची असते. गहाणदाराला हे बहुतेकदा माहीत नसतं. म्हणून गहाणाची तारीख चारिकासमोर दोघांकडूनही वदवून घ्या आणि लिहून दोघांच्या सह्या घ्या. व्यवहाराचं बोलणं त्यानंतर.