आधी नळी, मग सुई

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात आमच्या शेजारच्या काकूंकडे एक पग जातीचा, चपट्या तोंडाचा कुत्रा आहे, बंडू. गेल्या पावसाळ्यात त्याच्या हिरडीवर गाठ आली आणि ती काढायचं ठरलं. काकूंनी डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली, "भुलीचं इंजेक्शन कोणतं देणार? झेपेल ना त्याला?" डॉक्टरांनी औषधाचं नाव सांगितलं आणि लगेच बंडूचा जबडा उघडून आत टॉर्च मारला. "काकू, औषधापेक्षा मला ह्याच्या घशाची जास्त काळजी आहे."

काकू त्या वाक्याने घाबरल्या. मी मात्र डॉक्टरांना विनंती करून ऑपरेशनच्या दिवशी एका कोपऱ्यात उभी राहिले, कारण आपण सगळेच सुईला भितो आणि घशाबद्दल कुणी काही विचारत नाही.

टेबलावर सगळ्यात आधी आल्या श्वासनळीत घालायच्या तीन नळ्या: एक अंदाजाने बरोबर बसेल अशी, एक थोडी जाड, एक थोडी बारीक. प्रत्येकीच्या टोकाजवळचा छोटा फुगा हवा भरून तपासला गेला. मग घसा बघायचा दिवा, जीभ धरायला गॉझ, ऑक्सिजनचा मास्क. बंडूला पाच मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला. त्यामुळे फुप्फुसातल्या नायट्रोजनची जागा ऑक्सिजन घेतो आणि मध्येच श्वास थांबला तर काही मिनिटांची सवड मिळते. हे सगळं झाल्यावर सिरिंज हातात आली.

सिरिंजमधलं औषध दुधासारखं पांढरं होतं. प्रोपोफॉल. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून सोयाबीन तेलाच्या बारीक थेंबांत मिसळतात आणि ते थेंब अंड्याच्या बलकातल्या लेसिथिन नावाच्या स्निग्ध पदार्थाने धरून ठेवतात. माणसांच्या ऑपरेशनमध्ये आज जगभर वापरलं जाणारं हे औषध शोधण्यात मुख्य वाटा होता एका पशुवैद्याचा. जॉन ग्लेन ग्लासगोत प्राण्यांना भूल कशी द्यायची ते शिकवत. 1972 मध्ये ते इंपिरियल केमिकल इंडस्ट्रीज या ब्रिटिश कंपनीत गेले आणि तिथे हा रेणू त्यांच्या हाती लागला. 1977 मध्ये माणसांवर चाचण्या सुरू झाल्या, पण औषध ज्या द्रावकात मिसळलं होतं त्याची काहींना जोरदार रिअ‍ॅक्शन आली आणि काम अडलं. मग हा तेलाचा मार्ग सापडला आणि 1986 मध्ये औषध ब्रिटनच्या बाजारात आलं. 2018 मध्ये ग्लेन यांना वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार मिळाला. जनावरांच्या दवाखान्यात बसल्यावर मला ही गोष्ट हटकून आठवते आणि फार बरं वाटतं.

प्रोपोफॉल शिरेतून गेलं की मिनिटाभरात प्राणी गाढ झोपतो. थोड्याच मिनिटांत तो जागाही होतो, कारण औषध मेंदूतून स्नायूंकडे आणि चरबीकडे पसरतं. शिवाय शरीर ते झपाट्याने मोडतं. धोका आहे तो सुरुवातीच्या क्षणी: औषध घाईने ढकललं तर श्वास थांबू शकतो. म्हणून डॉक्टर थोडं थोडं देत होते, प्रत्येक वेळी थांबून जबड्याची ताकद बघत होते.

याआधीची कित्येक दशकं थायोपेंटोन वापरलं गेलं. 1934 पासूनचं हे पिवळसर पावडरीचं औषध इतकं अल्कलीयुक्त, की शिरेबाहेर सांडलं तर तिथली कातडी मरते. ग्रेहाउंडसारख्या सडपातळ शिकारी कुत्र्यांना त्यातून जागं व्हायला फार वेळ लागतो. चरबी कमी, त्यामुळे पसरायला जागा कमी, आणि यकृतातही ते सावकाश मोडतं.

केटामाइन या भुलीच्या आणखी एका औषधाचं तर सगळंच निराळं. ते दिलेल्या मांजराचे डोळे उघडे असतात, हातपाय ताठ असतात, लाळ गळते. बघणाऱ्याला वाटतं, भूल चढलीच नाही. मेंदूचे भाग एकमेकांपासून तुटल्यासारखे होतात आणि वेदनेची बातमी पोचते तिथे तिची दखल घेतली जात नाही. सोबत स्नायू सैल करणारं झायलेझीन देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. पण झायलेझीनचा हिशोब प्राण्यागणिक बदलतो: घोड्याला लागतं त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात गाय आडवी होते. ज्याने घोड्याचा डोस पाठ केला आणि गाईला दिला, त्याच्या हातून केवढा अनर्थ होईल!

आता नळी. बंडू सैल पडल्यावर मदतनीसाने त्याचा वरचा जबडा उचलला, डॉक्टरांनी जीभ पुढे ओढली. पगचं तोंड आखूड झालं तरी आतलं मांस तेवढंच राहिलंय. टाळूचा मऊ पडदा लोंबत घशात येतो आणि श्वासनळीचं दार झाकतो. डॉक्टरांनी नळीच्या टोकाने तो पडदा अलगद वर सारला. खाली दोन फिकट पट्ट्या दिसल्या, श्वासाबरोबर उघडणाऱ्या, मिटणाऱ्या. त्या उघडल्या आणि नळी आत गेली. तीनपैकी सगळ्यात बारीक. पगची श्वासनळी त्याच्या वजनावरून वाटते त्यापेक्षा अरुंद असते, म्हणून तर तीन नळ्या.

नळी श्वासनळीत गेली की अन्ननळीत, हे यंत्राने सांगितलं. बाहेर येणाऱ्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख पडद्यावर उमटू लागला. त्या वायूचा दाब साधारण 35 ते 45 मिलिमीटर पाऱ्याच्या दरम्यान राहायला हवा. नळी अन्ननळीत असती तर रेघ सपाट झाली असती. मग फुगा फुगवला. गाठ कापताना हिरडीतून येणारं रक्त आता फुप्फुसात उतरणार नव्हतं. 'नुसत्या इंजेक्शनवर करून टाकू' असं म्हणतात तेव्हा हे दार उघडंच राहतं. प्राणी झोपलाय, ठसका येत नाही, आणि घशात जे येईल ते खाली जातं.

नळी घातली म्हणजे निर्धास्त झालो, असंही नाही. मांजराचा घसा स्पर्श होताच गच्च मिटतो. म्हणून जागा बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचे थेंब टाकून अर्धा-एक मिनिट थांबावं लागतं. फुगा जास्त भरला, किंवा नळी यंत्राला जोडलेली असतानाच मांजर कूस बदलून ठेवलं, तर नाजूक श्वासनळी फाटू शकते. ब्रिटनमध्ये 2002 ते 2004 या काळात लाखाच्या आसपास कुत्री आणि जवळजवळ 80 हजार मांजरांच्या भुलीची नोंद ठेवली गेली. भुलीशी संबंधित मृत्यू कुत्र्यांत 0.17 टक्के, मांजरांत 0.24 टक्के, सशांत 1.39 टक्के. त्या अभ्यासात मांजरांना नळी घालण्याचा संबंध जास्त धोक्याशी दिसला, आणि नाडी व ऑक्सिजनवर लक्ष ठेवण्याचा कमी धोक्याशी. मला यातून नळीवर फुली मारावीशी वाटत नाही. मांजराला नळी घालणारा हात सावकाश आणि सवयीचा हवा, एवढं मात्र पटतं.

सशाचा आकडा बघून पोटात कालवतं. त्याचं तोंड लांब, अरुंद, जीभ जाड. आतलं काही दिसत नाही. त्यामुळे पुष्कळदा नळीला कान लावून श्वासाच्या आवाजाच्या रोखाने ती आत सरकवावी लागते.

मांडवीकडे रस्त्यावर फिरणाऱ्या, प्लास्टिक खाल्लेल्या गाईचं पोट उघडायची वेळ आली, तर तिला सहसा पूर्ण भूल देतच नाहीत. डाव्या कुशीला बधिर करतात आणि उभ्या गाईवर ऑपरेशन होतं. आडवी पाडली तर पोटातला चारा-पाणी घशात येतं, शिवाय दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ. नळी घालायचीच तर डॉक्टर कोपरापर्यंत हात तोंडात घालून बोटांनी श्वासनळीचं दार चाचपतात आणि तळव्याच्या आडोशाने नळी नेतात.

उत्तरायणात, पतंगांच्या सणाला, तर आपल्या गावात रक्ताळलेले पक्षी गच्चीगच्चीवर पडतात. पक्ष्याच्या श्वासनळीची कडी पूर्ण गोल असतात, आपल्यासारखी मागे मऊ जागा नसते. म्हणून त्यांना बिनफुग्याची नळी घालतात. फुगा फुगायला जागाच नाही, आतलं अस्तर चिरडतं. आणि पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा, नाही, छातीचं हाड खालीवर झालं तरच हवा आत-बाहेर होते. मांज्याने कापलेलं कबूतर कळवळून मुठीत घट्ट धरणारी मुलं मी दरवर्षी बघते. त्या मुठीत त्याचा श्वास अडकतो. पंख अंगाशी मिटवून, छाती मोकळी ठेवून खोक्यात ठेवलं तर ते डॉक्टरांपर्यंत जिवंत पोचण्याची शक्यता वाढते.

विश्वामित्री नदीतल्या मगरीचा घसा सगळ्यांत अजब. जिभेच्या मागे एक पडदा असतो, पाण्यात तोंड उघडलं तरी घशात पाणी जाऊ नये म्हणून. तो खाली दाबल्याशिवाय श्वासनळी दिसत नाही. मास्कमधून वायू द्यावा, तर मगर श्वासच रोखून धरते. म्हणून तिथे स्नायूत सुईच लागते, आणि औषध किती लवकर चढेल हे तिचं अंग किती गरम आहे त्यावर ठरतं.

बंडूची गाठ निघाली. मला वाटलं, संपलं. पण डॉक्टर खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले. ब्रिटनच्या त्याच नोंदींत भुलीनंतर घडलेले मृत्यू कुत्र्यांत निम्म्याच्या जवळ आणि मांजरांत 61 टक्के होते, त्यातले पुष्कळसे पहिल्या तीन तासांतले. ऑपरेशन झालं, सगळे हात धुवायला गेले, आणि एकट्या पडलेल्या प्राण्याची जीभ मागे सरकली, असं होऊ नये.

बंडूने डोळे उघडले, मान उचलली, काकूंचा आवाज ऐकून शेपूट हलवलं. नळी अजून घशातच होती आणि तो शांत बसला होता. दुसऱ्या कुत्र्याने तोवर ती चावली असती. "पग काढू देत नाहीत लवकर," डॉक्टर म्हणाले. "इतका मोकळा श्वास ह्यांना एरवी मिळत नाही ना."

काकू त्याच्या पाठीवरून हात फिरवत उभ्या होत्या. नळी निघाली आणि त्याचं नेहमीचं घोरणं परत सुरू झालं.